गुंजेवाडीची मिटशिळा

मिहिरला चित्रं काढायचा नाद होता. नाद कसला, रोगच म्हणा. चाकणच्या कंपनीत प्रेस शॉपचा सुपरवायझर, डोक्यावर हेल्मेट, नाकावर जाड चष्मा, आणि हातातल्या कागदाची पाठ कोरी दिसली की तिच्यावर काय उमटायचं, तर हिरड्याची टोपी घातलेला अंगठ्याएवढा माणूस! पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये त्याची बायको मृदुला वैतागायची. "अरे, लाइट बिलावरसुद्धा तुझी माणसं उड्या मारतात. जरा तरी लाज बाळग!" म्हणायची आणि मग ते बिल जपूनही ठेवायची.

ही अंगठ्याएवढी माणसं राहायची गुंजेवाडीत. गुंजेवाडी म्हणजे दाट रानातल्या एका म्हाताऱ्या बेहड्याच्या मुळांत वसलेलं गाव. घरांना पळसाच्या पानांची छपरं, दारोदार लालभडक गुंजांचे दिवे, आणि पाटलाच्या दारी बसायला एक गुळगुळीत सागरगोटा. रान म्हटलं की संकटं आलीच, आणि ती साधीसुधी नव्हेत. एकदा तळ्याने सगळ्या गावाची प्रतिबिंबं गिळली आणि बायकांना कुंकू लावायची पंचाईत झाली. एकदा सावल्या खाणारं घुबड आलं. एकदा चकवा आला, त्याने रानातल्या वाटा अशा पिरगाळल्या की सगळं गाव आपल्याच विहिरीभोवती फेऱ्या मारत बसलं.

आणि दर वेळी गावाला कोण वाचवायचं? टुणक्या! गावातला सगळ्यात बुटका, कान बाहेर आलेले, गळ्यात रुमाल, बोलायला कमी. चकवा आला तेव्हा पाटील छाती पिटत होता, म्हाताऱ्या रडत होत्या, आणि टुणक्याने काय केलं, तर अंगरखा उलटा घातला आणि पाठमोरा चालत सुटला. शेवटी चकवाच वाट चुकला आणि दुसऱ्याच रानात जाऊन पडला.

गावात एक मापाड्याही होता. कुणाच्या घरी किती तेल, किती दाणे गेले ते मोजणारा, चतुर किड्याच्या पंखांचा चष्मा लावणारा, जरा शिष्ट. मृदुला म्हणायची, "हा तूच. नाकसुद्धा तुझंच आहे." मिहिर हसायचा. आपलं चित्र आपणच काढायचं तर थोडं हसं करून घ्यावं, असं त्याचं मत होतं.

ह्या गोष्टींचं पहिलं गिऱ्हाईक मृदुला नव्हती बरं का. पहिलं गिऱ्हाईक ज्योतीराम. औश्याकडून पोटासाठी इकडे आलेला, चिखलीत राहणारा, मिहिरच्या हाताखाली पॉवर प्रेस चालवणारा ऑपरेटर. चहाच्या सुट्टीत मिहिर ग्लास हातात घेऊन गोष्ट सांगायचा, ज्योतीराम ती तोंड उघडं ठेवून ऐकायचा आणि घरी जाऊन आपल्या पोरीला, वर्षालीला सांगायचा. दुसऱ्या दिवशी निरोप हजर. "सायेब, पोरगी इचारालीय, टुणक्याला माय हाय का न्हाई?" मिहिर लगेच टुणक्याला आई काढून द्यायचा, आणि ज्योतीराम तो कागद डब्याच्या पिशवीत घडी पडणार नाही असा ठेवून न्यायचा. पोरीने तर पुढं बापालाच टुणक्या म्हणायला सुरुवात केली. ज्योतीरामचे कानही बाहेर आलेलेच होते, आणि गळ्यात रुमालही असायचा. मिहिरने टुणक्या त्याच्यावरून काढला होता की नाही, हे खुद्द मिहिरलाही सांगता आलं नसतं. पण शॉपमध्ये सगळे तसंच धरून चालायचे आणि ज्योतीरामला त्याचा कोण अभिमान!

आता मुद्द्याचं सांगायलाच हवं, कितीही नकोसं वाटलं तरी.

पॉवर प्रेसला दोन हिरवी बटणं असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच वरचा लोखंडी ठोकळा खाली येतो. का? तर माणसाचे दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे ते ठोकळ्याखाली नसतात. इतकं साधं. पण एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ते दाबलेलंच ठेवलं तर एक हात मोकळा राहतो, पत्रा भराभर सरकवता येतो आणि माल पटापट निघतो. हे चाकणपासून भोसरीपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. असं करायचं नाही हेही सगळ्यांना माहीत आहे.

दसऱ्याच्या तोंडावर कंपनीत गडबड उडाली होती. खंडेनवमीला मशिनांची पूजा, त्याआधी माल गेलाच पाहिजे, ट्रक गेटवर उभा, आणि पलीकडून मोठ्या कंपनीचे फोनवर फोन. ज्योतीरामच्या एका हातात पत्र्यांची चळत होती, दुसऱ्या हाताने तो ती साच्याजवळ सरकवून ठेवत होता. मिहिर आला, माल ठेवायच्या लाकडी पॅलेटची एक ढलपी मोडली आणि उजवीकडच्या बटणात स्वतःच्या हाताने ठोकली. "तेवढा ट्रक निघू दे, मग काढू," म्हणाला. ज्योतीराम म्हणाला, "सायेब, नको वाटालंय." मिहिर म्हणाला, "अरे मी आहे ना इथे!"

होता की. तिथेच होता. ज्योतीरामच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली तेव्हा तो पलीकडे वळून फोनवर "निघालाच ट्रक" असं सांगत होता.

दवाखान्याच्या जिन्यात प्लांट हेड शरच्चंद्र साहेबांनी विचारलं, "पाचर त्यानेच लावली ना?" मिहिर म्हणाला, "हो." एवढंच. एका अक्षराचं काय ते ओझं! पण ते बाहेर पडलं आणि ज्योतीरामच्या नावावर बसलं. मग मिहिरने साहेबांपुढे हात जोडून ज्योतीरामला टूल रूममध्ये बसून करायचं काम मिळवून दिलं. साहेबांना वाटलं, काय हा माणूस, हाताखालच्यांसाठी किती जीव टाकतो! आणि ज्योतीरामने कुणापाशी ब्र काढला नाही. उलट मिहिर टूल रूमवरून गेला की उठून उभा राहायचा. मिहिरला ते उभं राहणं बघवेना. तो दुसऱ्या दाराने जायला लागला.

पण चित्रं काही सुटली नाहीत. उलट वाढली. घरी आला की गुंजेवाडी काढत बसायचा, आणि बघता बघता एक जाडजूड पुस्तक होईल इतकी पानं जमली. ती शरच्चंद्र साहेबांच्या दृष्टीस पडली आणि साहेब खूश. मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह, शेवटच्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना कंपनीत बोलवायचं, तर प्रत्येक मुलाच्या हातात आपला कॉमिक अल्बम! "फक्त एक कर मिहिर," साहेब म्हणाले, "शेवटची गोष्ट सेफ्टीवर असू दे. हाताची. आणि मुलांच्या आवडीचं पात्र घे, म्हणजे डोक्यात बसेल."

तेव्हा मिहिरला नाही म्हणता आलं असतं. दुसरी कुठलीही गोष्ट सुचवता आली असती. पण माणसाचं मन मोठं लबाड असतं. त्याला वाटलं, एकदा का हे चित्रात उतरलं, की मग तसंच झालं होतं असं आपल्यालाही वाटायला लागेल. आणि त्याने मिटशिळेची गोष्ट काढली.

मिटशिळा म्हणजे रानातली जादूची शिळा. करंजाच्या बिया तिच्या जबड्यात ठेवायच्या आणि दोन बाजूंच्या दोन मुळांवर दोन हात टेकायचे. मग शिळा मिटते आणि सोनेरी तेल गळतं, ज्यावर गुंजेवाडीचे दिवे जळतात. एक हात जरी उचलला तरी ती हलत नाही. तर टुणक्याला लोभ सुटतो. तो एका मुळात काटकीची पाचर मारतो, एका हाताने भराभर बिया भरू लागतो आणि शिळा त्याची बोटं घेते. शेवटच्या चित्रात सगळं गाव टुणक्याकडे बोट दाखवतंय. खाली अक्षरं, 'लोभापायी हात गेला!'

मृदुलाने ती पानं पाहिली आणि नेहमीसारखी हसली नाही. "टुणक्याच का रे?" एवढंच म्हणाली.

"साहेबांनी सांगितलं," मिहिर म्हणाला. मृदुलाला पाचरीचं खरं माहीत नव्हतं. ती कुकर लावायला उठून गेली आणि तो विषय तिथेच राहिला.

छापखान्यातून नमुन्याची प्रत आली. ती मिहिरने बघून सही केली की छपाई सुरू. आणि साहेबांनी आणखी एक शक्कल काढली. अल्बमचं प्रकाशन ज्योतीरामच्या हस्ते! "लोकांना जिवंत उदाहरण दिसेल. तू जाऊन बोलाव त्याला, तुझं ऐकेल तो." जायचं मिहिरच्या जिवावर आलं. पण गेला. गुरुवारी, आठवड्याच्या सुट्टीला, नमुन्याची प्रत बॅगेत टाकून तो चिखलीला गेला.

चिखलीत गुरुवार असला म्हणून काय, मागच्या गल्लीतलं एखादं वर्कशॉप चालूच होतं. ग्राइंडरची करकर ज्योतीरामच्या दोन खोल्यांत बसूनही ऐकू येत होती. ज्योतीराम दारात आला तो उजवा हात पँटच्या खिशात घालूनच. "या की सायेब! अगं वर्षाली, बघ कोन आलंय. टुणक्यावाले सायेब!"

पोरगी दप्तर टाकून पळत आली. सकाळची शाळा सुटून नुकतीच घरी आली होती, अंगात अजून गणवेश. तिच्या मागच्या भिंतीवर मिहिरने पाहिलं आणि त्याची मान आपोआप खाली गेली. त्याने चहाच्या सुट्टीत काढलेले ते सगळे कागद तिथे ओळीने चिकटवले होते. टुणक्याची आई, टुणक्याचं घर, उलटा अंगरखा घातलेला टुणक्या.

"च्या घेताव का सरबत?" ज्योतीराम विचारत होता. "आन् तुमी कशाला आलाव इतक्या लांब, मला बोलवायचं!"

मिहिरने प्रकाशनाचं सांगितलं. ज्योतीरामचा चेहरा उजळला. "माज्या हातानं? मोठ्या सायबांपुढं?" मग जरा थांबून म्हणाला, "सायेब, कोन करतंय आजकाल एवढं. बोटं गेल्यावर दुसऱ्या कंपनीत पोरांना गेटवरनंच वाटंला लावत्यात. तुमच्यामुळं माजी चूल चालू हाय." हे ऐकताना मिहिरने ग्लासातला चहा एका दमात घशाखाली घातला. जीभ भाजली, ते बरंच झालं, बोलायला नको.

वर्षालीने तोवर प्रत ताब्यात घेतली होती. पालथं पडून, पाय हलवत, ती एकेक गोष्ट मोठ्याने वाचत होती. तळ्याच्या गोष्टीला खिदळली. घुबडाच्या गोष्टीला "आई गं!" म्हणाली. चकव्याची गोष्ट तिने न बघताच म्हणून दाखवली. मिहिरला वाटत होतं, शेवटची गोष्ट येण्याआधी निघावं. तो उठायलाही लागला, पण ज्योतीरामने शेजारच्या दुकानातून फरसाण आणायला कुणाला तरी हाक मारली आणि त्याला पुन्हा बसावं लागलं.

मिटशिळेची गोष्ट आली. वर्षालीचे पाय हलायचे थांबले. मोठ्याने वाचणंही थांबलं. तिने शेवटचं चित्र बघितलं, मग मागे जाऊन पुन्हा पहिलं बघितलं.

"टुणक्या असं न्हाई करनार," ती म्हणाली.

तिने प्रत मिहिरपुढे सरकवली.

"काका, हे चुकलंय. हे बघा की, टुणक्याच्या दोन्ही हातात टोपली हाय. मग पाचर कुनी लावली?"

मिहिरने वाकून पाहिलं. खरंच की! टुणक्या टोपली दोन्ही हातांनी धरून उभा होता आणि पाचर मुळात आधीच बसलेली होती. पाचर लावतानाचं चित्र मिहिरने काढलंच नव्हतं. रात्रंदिवस त्या पानावर बसून, रंग भरून, अक्षरं गिरवून त्याला ते दिसलं नव्हतं. मनाने खोटं सांगितलं होतं, पण डोळ्यांनी जे पाहिलं होतं तेच हाताने काढलं होतं.

"गप गं," ज्योतीराम म्हणाला. "सायबांनी काढलंय म्हंजे तसंच आसंल."

पण पोरगी बापाची होती, सोडते कुठे! तिने पुस्तक मिटलं आणि सरळ बापालाच विचारलं. "पप्पा, तुमची बोटं गेली तवा पाचर तुमी लावली हुती? शाळेत समदी म्हनत्यात, तुझ्या पप्पांनी जास्तीच्या पैशासाठी केलं. मी म्हनते न्हाई. तुमी सांगा."

ज्योतीरामने मिहिरकडे पाहिलं. एकदाच. त्या बघण्यात राग नव्हता, मागणं नव्हतं. साहेबाची अडचण झाली हे ओळखून त्याने ती बाजूला केली, शॉपमध्ये वाटेतला पॅलेट सरकवावा तशी.

"व्हय," तो पोरीला म्हणाला, "मीच लावली. चुकलं माजं." आणि मान खाली घातली.

वर्षाली उठली, दप्तर उचललं आणि आतल्या खोलीत गेली. जाताना तिने भिंतीवरच्या टुणक्याकडे बघितलं नाही, हे मिहिरने बघितलं.

बोलायचं होतं ते तेव्हा, त्या खोलीत. "खोटं आहे गं, मी लावली," एवढं म्हणायला काय जात होतं? पण मिहिर उठला, "येतो," म्हणाला आणि गाडी काढून सुटला. कुदळवाडीच्या वळणावर त्याला रस्ता दिसेना, म्हणून गाडी बाजूला घेऊन तो चष्मा पुसत बसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्याला. बोटं घेतली, नाव घेतलं, आणि आता त्याच्याच घरात बसून, त्याचाच चहा पिऊन, पोरीच्या मनातला बापही घेतला.

घरी येऊन त्याने मृदुलाला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाली, "मला सांगून काय उपयोग, मिहिर? माझं काय गेलंय त्यात?" आणि दिवा लावायला उठली.

बरोबरच होतं तिचं. पण मिहिरला त्यातून भलतंच सुचलं. तो टेबलावर बसला आणि मिटशिळेचं ते पान नव्याने काढायला घेतलं. टुणक्याच्या हातात टोपली तशीच. पण शेजारी आता मापाड्या उभा राहिला, चतुराच्या पंखांचा चष्मा, तेच नाक. पाचर त्याच्या हातात. तोंडातून शब्द, 'पाटलाकडे तेल गेलंच पाहिजे. मी आहे ना इथे!' टुणक्या म्हणतोय, 'नको वाटतंय.' शेवटच्या पानावरची बोट दाखवणारी गर्दी त्याने पुसून टाकली, 'लोभापायी' हे शब्दही पुसले, आणि तिथे गावातल्या बायका टुणक्याच्या हाताला पाला बांधताना काढल्या. किती दिवसांनी त्याचा हात असा झरझर चालला! दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो स्वतः भोसरीच्या छापखान्यात गेला, जुनी पानं काढून नवी बसवली आणि सही ठोकली. साहेबांना सांगितलं नाही. बाहेर येऊन टपरीवर उभ्या उभ्या दोन वडापाव खाल्ले. जीव भांड्यात पडल्यासारखं वाटलं त्याला.

आता उघड झालं, त्याला वाटलं. वर्षाली वाचेल, तिला कळेल, ज्योतीराम मोकळा होईल. साहेब रागावले तर रागावू देत. अहाहा, काय उदारपणा! पण ज्योतीरामला विचारलं का? नाही. हे ध्यानातच आलं नाही त्याच्या.

सुरक्षा सप्ताहाचा शेवटचा दिवस उजाडला. कंपनीच्या आवारात मांडव, खुर्च्यांना पांढऱ्या खोळी, एका बाजूला जिलेबी आणि बटाटेवड्यांचा घमघमाट. सगळ्यांनी हात पुढे करून सुरक्षेची शपथ घेतली. साहेबांनी भाषण केलं, त्यात 'आपला ज्योतीराम' असं बऱ्याच वेळा म्हणाले. ज्योतीराम कडक इस्त्रीचा नवा शर्ट घालून स्टेजवर उभा होता. उजवा हात खिशात. त्याने डाव्या हाताने फीत सोडली, गठ्ठ्यातला वरचा अल्बम वर धरला, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. ज्योतीराम हसत होता. मग पोरांची झुंबड उडाली.

मिहिर मांडवाच्या खांबाशी उभा राहून एकाच पोरीकडे बघत होता. वर्षालीने अल्बम घेतला. इतर मुलं पहिल्या पानापासून निघाली, तिने मात्र शेवटची गोष्ट काढली. वाचली. बोट एका चित्रावर ठेवलं. मग मान वर करून मांडवभर कुणाला तरी शोधलं आणि तिची नजर मिहिरच्या चष्म्यावर येऊन थांबली.

कळलं तिला. मिहिरला बरं वाटलं, अगदी क्षणभरच. कारण पोरगी त्याच्याकडे आलीच नाही. ती स्टेजवरून उतरणाऱ्या बापाकडे गेली.

"पप्पा, तुमी तर म्हनलाव मीच लावली."

ज्योतीरामने पान बघितलं. त्याच्या तोंडावरचं हसू उतरलं. पान उलटून बघितलं, पुन्हा तेच बघितलं. मग गर्दीतून वाट काढत तो खांबापाशी आला, मागोमाग पोरगी.

"सायेब, हे काय करून ठिवलाव?" आवाज चढवला नव्हता त्याने, पण असा आवाज मिहिरने त्याचा कधी ऐकला नव्हता. "मला इचारायचं तरी!"

"ज्योतीराम, मला वाटलं, खरं काय ते..."

"खरं तुमच्यापाशी हुतंच की इतके दिस. मी काय मागितलं हुतं का?" त्याने एकदा पोरीकडे बघितलं. "पोरीपुढं मान घातली मी, तुमच्यापायी. लेकरू माजं जेवलं न्हाई त्या दिशी. आन् आता तुमी मला तिच्यापुढं खोटारडा केलाव. पयले लोभी, आता खोटारडा. सगळं तुमीच ठरवायचं का?"

दुसऱ्यांदा! पुन्हा तेच केलं होतं त्याने. घाईघाईत, स्वतःच्या सुटकेसाठी, ज्योतीरामला न विचारता त्याच्या मशिनमध्ये पाचर ठोकली होती आणि वर 'मी आहे ना' म्हणून तो मोकळा झाला होता. दोन्ही वेळा त्या माणसाचं नकोच होतं. पहिल्या वेळी ऐकलं नाही, दुसऱ्या वेळी म्हणूच दिलं नाही.

आजूबाजूची चार माणसं वळून बघायला लागली होती. पलीकडे शरच्चंद्र साहेब अल्बम हातात घेऊन शेवटचं पान वाचत होते, आणि त्यांच्या कपाळावर आठी होती. आता चित्राच्या मागे लपायला जागा उरली नव्हती. मिहिर वर्षालीपुढे गुडघ्यावर बसला.

"वर्षाली, पप्पा खोटं बोलले ते माझ्यासाठी. मी तुमच्या घरी समोर बसलो होतो म्हणून. पाचर मी लावली होती. ते नको म्हणाले होते, तरी लावली." आता थांबता येत नव्हतं. "आणि साहेबांनी विचारलं तेव्हा मी तुझ्या पप्पांचं नाव सांगितलं."

शेवटचं वाक्य साहेबांनी ऐकलं. ते जागच्या जागी थांबले. ज्योतीराम मांडवाच्या कापडाकडे बघत राहिला.

पोरीने मिहिरचं तोंड नीट न्याहाळलं. मग अल्बम उघडला, मिटशिळेची गोष्ट काढली आणि पानं उलटत गेली, एक, पुढचं, त्याच्या पुढचं. शेवटचं आलं. तिथे बायका टुणक्याच्या हाताला पाला बांधत होत्या. मापाड्या त्या चित्रात कुठेच नव्हता.

"मापाड्या टुणक्याचं नाव सांगतो, ते कुठं हाय?"

मिहिरने पानाकडे बघितलं. "ते काढलं नाही मी," तो म्हणाला.

वर्षालीने अल्बम मिटला. सांभाळून, कोपरे दुमडू नयेत असा. इतके दिवस ज्याची वाट पाहिली होती, ते पुस्तक तिने मिहिरच्या पुढे धरलं.

"मग ते काढा, आन् मग द्या."

ज्योतीरामने तोंड उघडलं. 'असं बोलू न्हाई सायबांना' हे त्याच्या ओठावर आलेलं मिहिरला स्पष्ट दिसलं. पण ते आलं नाही. ज्योतीरामने उजवा हात खिशातून काढला, उरलेल्या बोटांनी पोरीचा खांदा धरला आणि म्हणाला, "चल. जिलेबी गार व्हालीय."

दोघं निघाली. मिहिरने त्या पाठमोऱ्या शर्टाकडे बघितलं, आणि इतके महिने जो माणूस त्याला बघून उठून उभा राहायचा, त्याने एकदाही मागे वळून बघितलं नाही.

"मिहिर," साहेबांनी हाक मारली, "केबिनमध्ये ये."

मिहिर उठला. पँटच्या गुडघ्यांना मांडवातली माती लागली होती, ती त्याने झटकली नाही. वर्षालीचा अल्बम दोन्ही हातांनी छातीशी धरून तो साहेबांच्या मागे चालू लागला.